किडीला पाय किती व पंख किती, हें कोण ठरवितें ?

पिकावर कीड दिसली म्हणजे प्रथम तिचें नांव विचारावयाचें व लागलीच औषध आणावयाचें, अशी आपल्याकडे रीत आहे. नांव विचारणें योग्यच होय. परंतु आपल्या बोलींतील नांवें किडीच्या शरीराच्या घडणीवरून नव्हे, तर तिच्या वरवरच्या दिसण्यावरून व तिच्या खोडीवरून पडलेलीं असतात. त्यामुळें एकाच नांवाखालीं अगदीं परकीं कुळें एकत्र येतात. ‘अळी’ हा शब्दच घ्या. हरभऱ्याच्या घाट्यांतील अळी, सोयाबीनच्या खोडांतील अळी, उंसाच्या मुळाशीं बसलेली हुमणीची अळी आणि मोहरीच्या किंवा मुळ्याच्या पानावरील काळी अळी, ह्या चारही अळ्याच. पण पहिली पतंगाची आहे, दुसरी माशीची, तिसरी भुंगेऱ्याची, आणि चौथी तर मधमाशी व गांधीलमाशी ज्या गणांत मोडतात त्या गणांतील करवतमाशीची आहे. ‘माशी’ ह्या शब्दाचीही तीच गत. कपाशीवरील व सोयाबीनवरील पांढरी माशी ही मुळीं माशीच नव्हे. तिला चार पंख असतात व ती मावा-तुडतुड्यांची सोयरी आहे. खऱ्या माशीला पंख दोनच.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा आहे असें कोणी समजूं नये. जी जैविक औषधी पतंगाच्या अळीला मारते, ती करवतमाशीच्या अळीला मारीत नाहीं. आणि जी बिनपायाची हिरवट अळी माव्याच्या थव्यांत वळवळतांना दिसते, ती पिकाची शत्रु नसून माव्याला खाणारी आपली मित्र असते. पाऊस बेभरंवशाचा आणि फवारणीचा प्रत्येक रुपया जपून खर्च करावयाचा, अशा आपल्या धाराशिव जिल्ह्यांत चुकीच्या किडीवर केलेली फवारणी हा दुहेरी तोटा आहे. म्हणून किडीचें शरीर कसें घडतें, एकाच घडणीपासून इतकीं रूपें कशीं निघालीं, व पाय आणि पंख मोजण्यापासून आपणांस काय कळतें, ह्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

एकच सांगाडा, अनेक रूपें

कोणताही प्रौढ कीटक हातांत घेऊन पाहिला तर त्याच्या शरीराचे तीन भाग दिसतात : डोकें, वक्ष व उदर. हे तिन्ही भाग मुळांत एकामागें एक जोडलेल्या खंडांचे बनलेले असतात. वक्षभागाचे खंड तीन. त्या तिहींवर पायांची एकेक जोडी, म्हणजे एकूण सहा पाय. पंख असतात ते दुसऱ्या व तिसऱ्या वक्षखंडावर. पहिल्या खंडावर कधीं नसतात. उदराच्या खंडांवर प्रौढपणीं चालण्याचे पाय नसतात. मुंगीपासून टोळापर्यंत हाच ठराव आहे.

आतां ह्याच ठरावांत प्रत्येक कुळानें आपापला फेरफार कसा केला आहे तें सोयाबीनच्या एका झाडावरच पाहतां येईल. पानाच्या देंठाला किंवा फांदीला दोन ठिकाणीं गोल चकत्या पाडणारा चक्रीभुंगा हा भुंगेरा आहे. त्याच्या पंखांची पुढची जोडी कठीण कवच झालेली असून ती उडण्याच्या कामीं येत नाहीं. उडावयाचे ते तिच्याखालीं घडी करून ठेवलेल्या मागील पातळ पंखांनीं. खोडांत शिरून तें आंतून पोखरणाऱ्या खोडमाशीची गोष्ट नेमकी उलट आहे. तिची पुढची जोडी उडण्याची, आणि मागच्या जोडीच्या जागीं गांठ मारलेल्या दोऱ्याच्या टोंकासारखे दोन बारीक अवयव असतात. ह्यांस संतोलक म्हणतात. उडतांना ते वेगानें हालतात व माशीला आपला तोल आणि वळण कळवितात. पानें खाणाऱ्या अळ्यांपासून होणाऱ्या पतंगांचे चारही पंख मोठे व खवल्यांनीं झांकलेले असतात. मधमाशीचेही पंख चार. पण मागची जोडी लहान असून बारीक आंकड्यांनीं ती पुढच्या जोडीस अडकलेली असते.

एकाच जागीं, म्हणजे तिसऱ्या वक्षखंडावर, माशीला संतोलक, भुंगेऱ्याला घडीचा पंख, पतंगाला रुंद पंख आणि मधमाशीला आंकड्यांचा पंख; हें कसें व्हावें ? पूर्वी असा समज होता कीं, ज्या अर्थी रूपें निराळीं त्या अर्थी तीं घडविणारीं जनुकेंही निराळीं असलीं पाहिजेत. हा समज टिकला नाहीं. ड्रॉसोफिला, म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटाएवढी माशी, हिची संपूर्ण जनुकमाला इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झाली. रेशीमकिड्याची २००४ त, मधमाशीची २००६ त, आणि पिठांतील तांबड्या भुंगेऱ्याची २००८ त. ह्या सर्वांत शरीराचा नकाशा आंखणारीं मुख्य जनुकें बहुतेक तींच आढळलीं. भेद जनुकांच्या यादींत फारसा नसून त्यांच्या वापरांत आहे, असें त्यावरून ठरलें.

दारें धरणाऱ्याचा दृष्टान्त

जनुक म्हणजे पेशींतील डीएनए नांवाच्या लांब सूत्राचा असा भाग, कीं ज्यावरून बहुधा एखादें प्रथिन तयार होतें. किडीच्या पायांतील पेशींत, पंखांतील पेशींत व डोळ्यांतील पेशींत जनुकांचा संच एकच असतो. मग एकीचा पाय व दुसरीचा डोळा कां होतो ? कारण प्रत्येक ठिकाणीं त्यांतलीं कांहीं जनुकें चालूं असतात व कांहीं बंद असतात. कोणतें जनुक कोठें, केव्हां व किती चालावें ह्या व्यवस्थेला जनुकांचें नियमन म्हणतात. जनुकें अशीं उघडतात व मिटतात हें प्रथम सूक्ष्म जंतूंत स्पष्ट करून दाखविल्याबद्दल फ्रान्सचे फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो ह्यांस, आंद्रे ल्वोफ ह्यांच्यासह, १९६५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उंसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास हें सहज समजेल. विहिरीचें पाणी एकच, पाटही एकच. परंतु दारें धरणारा मनुष्य एका वाफ्याचें बारें फोडतो व दुसऱ्याचें मातीनें बुजवितो. त्यावरून कोणता वाफा भिजेल व कोणता कोरडा राहील हें ठरतें. जनुकाच्या शेजारीं डीएनएचे असे लहान तुकडे असतात कीं, ते स्वतः प्रथिन घडवीत नाहींत, पण त्यांवर नियामक प्रथिनें येऊन बसलीं म्हणजे जवळचें जनुक उघडतें किंवा मिटतें. हे तुकडे म्हणजे वाफ्याचीं बारीं, आणि नियामक प्रथिनें म्हणजे दारें धरणारे. एकाच वाफ्याला निरनिराळ्या दिशांनीं अनेक बारीं असावीं, त्याप्रमाणें एकाच जनुकाला पंखासाठीं एक, पायासाठीं दुसरा व डोळ्यासाठीं तिसरा असे नियामक तुकडे असूं शकतात. त्यांतला एक बिघडला किंवा बदलला तर जनुक बाकीच्या ठिकाणीं पूर्ववत् काम करीत राहतें; फरक पडतो तो एकाच अवयवांत. किडीच्या शरीराचें रूप पिढ्यान्‌पिढ्या थोडथोडें बदलत जाऊनही ती जगूं कशी शकते, ह्याचें मोठें कारण हें आहे.

चार पंखांची माशी

शरीराच्या कोणत्या खंडावर काय उगवावें हें ठरविणाऱ्या प्रमुख नियामक जनुकांस हॉक्स जनुकें म्हणतात. ड्रॉसोफिला माशींत तीं आठ आहेत. त्यांची सूत्रावरील रांग व शरीरावरील त्यांच्या अंमलाची रांग एकच असते, हें मोठें नवल आहे. रांगेच्या एका टोंकाचीं जनुकें डोक्याचा कारभार पाहतात, मधलीं वक्षाचा, व दुसऱ्या टोंकाचीं उदराचा.

ह्या जनुकांचा शोध एका बिघाडापासून लागला. अमेरिकेंत कॅल्व्हिन ब्रिजेस ह्यांस १९१५ सालीं अशी माशी आढळली कीं, तिच्या संतोलकाचा कांहीं भाग पंखासारखा झाला होता. पुढें एडवर्ड लुईस ह्यांनीं ह्याच विषयाला आपलें आयुष्य वाहिलें व निरनिराळे बिघाड एकत्र आणून संतोलकांच्या जागीं पुरे पंख असलेली, म्हणजे चार पंखांची, माशी निर्माण केली. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७८ सालीं बाहेर आला. आणि १९९५ सालीं त्यांस क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड व एरिक विशाउस ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

ज्या जनुकाच्या बिघाडानें हें घडलें त्याचें नांव अल्ट्राबायथोरॅक्स. वाचकांच्या सोयीसाठीं ह्यापुढें त्यास आपण ‘तिसऱ्या खंडाचें जनुक’ म्हणूं. माशीच्या तिसऱ्या वक्षखंडांत हें चालूं असतें, व त्याचें प्रथिन पंख वाढविणाऱ्या जनुकांस तेथें दाबून ठेवतें. म्हणून पंखाऐवजीं संतोलक उगवतो. तें प्रथिन तेथें नसलें कीं दाब उठतो व मागेंही पंख फुटतो. म्हणजे माशीच्या शरीरांत मागच्या पंखाची सर्व सामग्री आजही शिल्लक आहे. तिला केवळ काम करूं दिलें जात नाहीं.

आतां भुंगेऱ्याकडे वळूं. आपल्या घरांतील पिठांत व रव्यांत होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यावर अमेरिकेंत झालेला एक प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हेंच तिसऱ्या खंडाचें जनुक मुद्दाम निकामी केलें असतां मागील पातळ पंखांच्या जागीं पुढच्यासारखीं कठीण कवचें उगवलीं. माशींत जें जनुक पंखाला संतोलक बनवितें, तेंच भुंगेऱ्यांत मागच्या पंखाला कवच होण्यापासून वांचवून उडण्याजोगा पातळ ठेवतें. दारें धरणारा तोच. पण रान निराळें, म्हणून पीकही निराळें.

पुणें येथील संशोधन

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांतही नेटानें अभ्यासला गेला आहे. एल. एस. शशिधर ह्यांनीं प्रथम हैदराबाद येथें व नंतर पुण्यास भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत, म्हणजे आयसरमध्यें, संतोलक कसा घडतो ह्यावर आपल्या सहकाऱ्यांसह दीर्घ काळ काम केलें. त्यांच्या गटाचा एक महत्त्वाचा निबंध २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ड्रॉसोफिला, मधमाशी व रेशीमकिडा ह्या तिघांची तुलना केली आहे. रेशीमकिडा आपल्या जिल्ह्यांतही तुतीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांस चांगला परिचित आहे, म्हणून ह्या तुलनेचें आपणांस विशेष अगत्य वाटावें.

मधमाशीला व रेशीम-पतंगाला मागचे पंख आहेत. तेव्हां त्यांच्या तिसऱ्या खंडांत हें जनुक बंद असेल असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु तसें नाहीं. त्या दोहोंतही तें तेथें चालूंच असतें. मग कदाचित् त्यांचें प्रथिनच दुबळें असेल ? तेंही नाहीं. मधमाशीचें किंवा रेशीमकिड्याचें जनुक ड्रॉसोफिलांत घालून चालविलें असतां त्यानें माशीच्या पंखाची वाढ दाबून दाखविली. म्हणजे हुकूम देणारा समर्थ आहे आणि हजरही आहे. तरी मधमाशीचा मागचा पंख कायम राहतो.

ह्या कोड्याचा उलगडा हुकूम पाळणाऱ्यांकडे पाहिल्यावर होऊं लागतो. हें प्रथिन डीएनएवर कोठें कोठें जाऊन बसतें, ह्याची तिन्ही जातींत नोंद केली तेव्हां असें आढळलें कीं, बहुतेक ठिकाणें ज्याच्या त्याच्या जातीपुरतीं आहेत. परंतु पंख घडविणारीं पुष्कळ जनुकें मात्र सुमारें ३० कोटी वर्षांच्या अवधीनंतरही तिन्हीं जातींत त्या प्रथिनाच्या टप्प्यांत राहिलीं आहेत. भेद एवढाच कीं, त्यांतील अनेक जनुकें माशीच्या पंखांत व संतोलकांत कमीजास्त प्रमाणांत चालतात, तर मधमाशीच्या व पतंगाच्या पुढच्या-मागच्या पंखांत तसा फरक पडत नाहीं. ह्याचें एक कारण, इतर सहायक घटकांबरोबरच, त्या जनुकांच्या शेजारील नियामक तुकड्यांत झालेले बदल हें असावें, असा ह्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. आपल्या दृष्टान्ताच्या भाषेंत, दारें धरणारा मनुष्य बदलला नाहीं; वाफ्यांचीं बारीं बदललीं.

अळीच्या पोटावरचे पाय

पंखांविषयीं जें खरें तेंच पायांविषयीं. कीटकांचे दूरचे भाऊबंद जी गोम व झिंगा, त्यांच्या धडाच्या अनेक खंडांवर पाय असतात. कीटकांच्या उदरावर ते कां नसावेत ? पाय फुटण्यास डिस्टल-लेस नांवाचें जनुक चालूं व्हावें लागतें. कीटकाच्या उदरांत तिसऱ्या खंडाचें जनुक व त्याच्या पाठचें अब्डॉमिनल-ए नांवाचें जनुक, हीं दोन्ही त्यास दाबून ठेवतात. येथें मात्र नियामक प्रथिनाच्या अंगांतही बदल झाला आहे. कीटकांच्या प्रथिनाला शेवटच्या टोंकाशीं दाबण्याची जी शक्ति आहे, ती झिंग्यांच्या कुळांतील प्रथिनांत तशी नाहीं, असें २००२ सालीं दोन निरनिराळ्या गटांनीं दाखविलें. सारांश, उत्क्रांतीचें काम बहुधा बाऱ्यांतील फेरफारानें होतें, क्वचित् दारें धरणाराही बदलतो.

मग पतंगाच्या अळीच्या पोटावर जे मऊ, गुबगुबीत पाय दिसतात ते कोठून आले ? फुलपाखराच्या गर्भावर झालेल्या व १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, गर्भाच्या उदरांत दाबणारीं दोन्ही जनुकें आधीं हजर असतात. परंतु पुढें ठराविक खंडांवर, ठराविक ठिपक्यांएवढ्या जागीं, तीं शांत होतात. नेमक्या त्याच ठिपक्यांत डिस्टल-लेस जागें होतें व तेथें उदरपाय उगवतो. हे पाय वक्षाच्या पायांसारखे सांध्याचे नसतात. ते मांसल असून त्यांच्या तळव्यास बारीक आंकडे असतात, व त्यांच्या योगानें अळी पानाला व फांदीला घट्ट धरून राहते. रेशीमकिड्याच्या एका बिघडलेल्या वाणांत तीं दाबणारीं दोन्ही जनुकें समूळ नाहींशीं झालेलीं असतात. त्या गर्भाच्या उदरखंडांवर मांसल पायांऐवजीं वक्षासारखे खरे पाय फुटतात. असा जीव जगत नाहीं. पण उदराचें उदरपण कोण राखतें हें तो स्पष्ट सांगून जातो.

एकच जनुकसंच, दोन देह

वर सांगितलेले बदल कोट्यवधि वर्षांत झाले. परंतु नियमनानें देह बदलतो हें एका हंगामांतही पाहतां येतें. करडईवर किंवा ज्वारीवर पडणारा मावा पहा. त्याची मादी आपल्या हवामानांत नराशिवायच पिलें घालते; ह्या पिलांत आईचीच जनुकें उतरतात. तरी कांहीं पिलें बिनपंखी राहतात व कांहींस पंख फुटतात. झाडावर गर्दी झाली, अंगाला अंग घासूं लागलें, किंवा झाडाचा रस कमी होऊं लागला, म्हणजे पंखवाल्यांचें प्रमाण वाढतें आणि मावा दुसऱ्या शेतांत उडून जातो. जनुकांत कांहीं बदल न होतां केवळ त्यांच्या उघडझांपीनें एकाच कुळाचे दोन देह झाले.

मुंग्यांच्या वारुळांत राणीला प्रथम पंख असतात, कामकरी मुंगीला ते कधींच नसतात. ही दोन रूपें होण्यास बहुतेक जातींत जनुकें नव्हे तर लहानपणचें पोषण व इतर परिस्थिति कारण होते. कामकरी मुंगींत पंख घडविणारी जनुकांची साखळी मध्येंच तुटते. आणि निरनिराळ्या जातींत ती निरनिराळ्या कडीपाशीं तुटते, असें २००२ सालीं दिसून आलें. परिणाम एकच, पण तेथवर पोंचण्याचे मार्ग अनेक.

प्रत्येक पतंगाच्या आयुष्यांतही हेंच नाट्य घडतें. अळी, कोष व पतंग ह्यांचीं जनुकें एकच. अळीच्या अंगांत बाल-संप्रेरक नांवाचा रस पुरेसा असतो तोंवर कात टाकूनही ती अळीच राहते. तो ओसरला म्हणजे अळीपणाचीं जनुकें मिटतात आणि कोषाचीं व पुढें पतंगाचीं उघडतात. कीडनाशकांपैकीं कांहीं ह्याच व्यवस्थेंत बिब्बा घालतात. पायरीप्रॉक्सिफेन हें बाल-संप्रेरकाची नक्कल करतें, तर मिथॉक्सिफेनोझाइड हें कात टाकविणाऱ्या रसाची नक्कल करून अळीला अवेळीं कात टाकावयास लावतें. अशीं औषधें वाढत्या अवस्थेवर लागू पडतात. उडणाऱ्या पतंगांवर तीं मारून तत्काळ फळ पाहूं म्हटल्यास निराशाच पदरीं येणार. तीं वापरतांना डब्यावरील पत्रकांत ज्या पिकाची व ज्या किडीची नोंद असेल तेथेंच वापरावीं.

शेतांत उपयोग

ह्या सर्व विवेचनाचा उपयोग असा कीं, पाय व पंख ह्या खुणा वरवरच्या नाहींत. रंग पाल्याप्रमाणें व ऋतूप्रमाणें बदलतो; घाटे अळी तर एकाच शेतांत हिरवी, तपकिरी व गुलाबीसर अशी सर्व रंगांची सांपडते. पण कोणत्या खंडावर पाय असावा हा निर्णय गर्भांतच झालेला असतो व तो कुळाकुळाचा ठरीव आहे. म्हणून अळी हातीं लागली तर तिचा रंग पाहण्याआधीं तिला उलटी करून पाय मोजावे. एक साधें भिंग जवळ असल्यास उत्तम.

वक्षावर पायांच्या तीन जोड्या आणि पोटावर पांच असल्या तर ती पतंगाची अळी. घाटे अळी व तंबाखूचीं पानें खाणारी अळी ह्या अशा आहेत. वक्षावर तीन व पोटाच्या मागील अंगास तीनच जोड्या असून मधला भाग कमानीसारखा उचलून चालत असेल तर ती सोयाबीनवरील उंटअळी. तिच्या मधल्या खंडांवर पाय नसल्यामुळेंच तिची चाल तशी असते. मात्र कित्येक पतंगांच्या अगदीं नवजात अळ्यांचे पुढचे उदरपाय खुजे असतात व त्याही तात्पुरत्या कमान करून चालतात. म्हणून ही खूण थोड्या मोठ्या अळीवर पडताळावी. पोटावर पायांच्या आठ जोड्या भरल्या व पीक मोहरीच्या वर्गांतील असलें, तर ती करवतमाशीची अळी. पतंगाच्या अळ्यांसाठीं जी बीटी जंतूंची कुर्स्टाकी जातीची भुकटी मिळते, ती हिच्यावर वायां जाते. घाटे अळीचा व तंबाखूवरील अळीचा विषाणु, म्हणजे एचएएनपीव्ही व एसएलएनपीव्ही, हे तर ज्याच्या त्याच्या अळीपुरतेच असतात. एकीचा दुसरीवर चालत नाहीं.

वक्षावर तीन जोड्या, पोटावर एकही नाहीं, अंग पांढरें व अर्धवर्तुळाकार वळलेलें, आणि वस्ती जमिनींत मुळाशीं, ही हुमणी. हिचे भुंगेरे वळवाच्या व मृगाच्या पहिल्या पावसानंतर सायंकाळीं जमिनींतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. ते त्याच वेळीं गांवानें मिळून गोळा करून नष्ट करणें हा स्वस्त उपाय आहे. कारण एकट्याच्या शेतापुरता केला तर शेजारच्या रानांतून पुन्हा भुंगेरे येतात. खोडाच्या आंत सांपडलेल्या अळीला पाय नाहींत आणि नीट डोकेंही दिसत नाहीं, तर ती खोडमाशीची. ती आंत शिरल्यावर पानांवरील फवारणी तिच्यापर्यंत पोंचणें कठीण; म्हणून पेरणीपूर्वीची बीजप्रक्रिया अधिक भरंवशाची. खोडांतील अळी बिनपायाची पण तिला टणक जबड्याचें डोकें आहे, आणि वर देंठावर चकत्या आहेत, तर ती चक्रीभुंग्याची होय. चकतीच्या वरचा वाळलेला शेंडा चकतीच्या खालून तोडून जाळून टाकावा.

सर्वांत मोठी सावधगिरी मित्रकिडींविषयीं. माव्यानें भरलेल्या पानावर उघड्यावर फिरणारी, पाय नसलेली, एका टोंकास निमुळती, हिरवट किंवा पांढरट अळी दिसली तर ती सिरफिड माशीची समजावी. ती मावा शोषून खाते. तिची प्रौढ माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळें मधमाशीसारखी दिसते. पण पंख मोजले तर दोनच, व मागें संतोलक. लांबट, काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली व सहा पायांनीं चपळ धांवणारी अळी ढालकिड्याची. आणि तोंडाशीं विळ्यासारखे दोन वाकडे जबडे असलेली क्रायसोपाची. ह्या तिन्ही माव्याच्या शत्रु आहेत. ‘अळी पडली’ ह्या एका शब्दावर फवारा मारला तर प्रथम ह्याच मरतात, आणि मावा तर थोड्याच दिवसांत पुन्हा उभा राहतो.

माव्यांतील पंखवालेही मोजण्यासारखे आहेत. पीक लहान असतां तुरळक पंखवाले दिसणें म्हणजे बाहेरून नवे आलेले. पुढें दाट थव्यांत पंखवाले वाढणें म्हणजे गर्दी झाली व मावा आतां स्थलांतर करणार. पहिल्या वेळीं रोज पाहणी ठेवावी. दुसऱ्या वेळीं शेजारच्या शेतकऱ्यांस सूचना द्यावी. दोन्ही वेळीं मित्रकिडी किती आहेत हें पाहिल्यावांचून औषधाला हात घालूं नये.

प्रत्येक गांवांतील एकदोन सभासदांनीं खरिपाच्या व रब्बीच्या हंगामांत आठवड्यांतून एकदां पांच-दहा झाडें नीट पाहून सांपडलेल्या किडींचे पाय, पंख व संख्या वहींत टिपून ठेवावी, व शंका असेल तेथें किडीसह ती वही तुळजापूर येथील कृषि विज्ञान केंद्राच्या किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञांस दाखवावी. एक-दोन वर्षांच्या अशा टिपणांवरून कोणत्या गांवीं कोणती कीड केव्हां येते हें कळूं लागेल, आणि मग फवारणीचा दिवस दुकानदाराऐवजीं शेतकरी स्वतः ठरवूं शकेल.